जोडीदाराचा व्हिसा लटकलेला असताना बेनिफिटचा क्लेम: मोफत सल्ला केंद्राचा अनुभव, ५ पैकी ४ स्टार

युकेमध्ये राहणाऱ्या, घरात एकाचा पासपोर्ट ब्रिटिश आणि दुसऱ्याचा व्हिसा होम ऑफिसमध्ये पडून, अशा जोड्यांसाठी हा रिव्ह्यू लिहितेय, बाकीच्यांनी पुढे स्क्रोल केलं तरी चालेल. सर्व्हिस म्हणजे आमच्या भागातलं एका चॅरिटीचं सल्ला केंद्र, बेनिफिट आणि इमिग्रेशन दोन्हीचा सल्ला एकाच छपराखाली आणि फुकट. नाव टाकत नाहीये, कारण ते फक्त आमच्या काऊन्सिलच्या हद्दीतल्याच लोकांना घेतात आणि त्यांच्याकडे आधीच रांग असते, त्यामुळे तुम्हाला नावाचा उपयोग शून्य. पण अशी केंद्रं बऱ्याच शहरांत आहेत, तेव्हा शोधताना काय बघायचं आणि तिथे काय विचारायचं ते यातून कळेल.

आमची परिस्थिती थोडक्यात सांगते. मी ब्रिटिश सिटिझन, नवरा भारतातून स्पाऊस व्हिसावर आलेला, पहिली मुदत संपायच्या आत एक्स्टेन्शनचा अर्ज टाकला, बायोमेट्रिक झालं, आणि तेव्हापासून नुसतं ईमेल रिफ्रेश करत बसणं. त्यातच माझ्या कामाचे तास निम्म्यावर आले, पोरगी लहान, घरभाडं मात्र कमी व्हायचं नाव नाही. युनिव्हर्सल क्रेडिट (कमी कमाईवाल्यांना सरकारकडून दरमहा मिळणारी मदत) मागावं का असं ओळखीच्या मराठी मंडळींना विचारलं तर सतरा जणांची सतरा उत्तरं, पण सगळ्यांचा सूर एकच, की हात लावू नकोस, बेनिफिट घेतलंस तर त्याचा व्हिसा गेलाच म्हणून समज. एका पैसे घेणाऱ्या कन्सल्टंटनेही हेच सांगितलं, वर त्याची फी वेगळी. का नको, कुठल्या नियमाने नको, हे विचारलं तर म्हणे रिस्क आहे मॅडम. अहो रिस्क तर रस्ता ओलांडण्यातही आहे, मी नियम विचारतेय ना!

तर या केंद्रातली पहिली आवडलेली गोष्ट म्हणजे त्यांनी आधी व्हिसावर काय लिहिलंय ते बघायला मागितलं. आता बीआरपी (व्हिसाची प्लास्टिक) कार्डं राहिली नाहीत, सगळं ऑनलाइन ईव्हिसावर आहे, त्यामुळे नवऱ्याच्या यूकेव्हीआय (होम ऑफिसचा व्हिसा विभाग) अकाऊंटमध्ये लॉगिन करून पान उघडून दाखवलं. तिथे नो पब्लिक फंड्स, म्हणजे ठरावीक सरकारी बेनिफिट घ्यायचे नाहीत, ही अट स्पष्ट होती. पुढचा प्रश्न, एक्स्टेन्शनचा अर्ज कधी टाकला, मुदतीच्या आत का नंतर? मुदतीच्या आत टाकला असेल तर १९७१ च्या इमिग्रेशन ॲक्टच्या कलम ३सी प्रमाणे जुना व्हिसा निर्णय येईपर्यंत चालू राहतो, आणि त्याच्याबरोबर जुन्या अटीही चालू राहतात. म्हणजे नवऱ्याला काम करता येतं आणि पब्लिक फंड्स बंद ते बंदच. पेंडिंग आहे म्हणजे तो अधांतरी आहे असं आम्ही धरून चाललो होतो, तर तसं नाहीये, कायद्याने त्याचं स्टेटस ठरलेलं आहे, फक्त नवा कागद आलेला नाही.

मग बेनिफिटवाल्या ॲडव्हायझर बाईंनी जे सांगितलं ते मला आजवर कुणीच इतकं सरळ सांगितलं नव्हतं. बंदी नवऱ्यावर आहे, तुझ्यावर नाही. १९९९ च्या इमिग्रेशन अँड असायलम ॲक्टचं कलम ११५ त्याला लागू होतं, तुला नाही. तू ब्रिटिश आहेस, इथे राहतेस, कमाई कमी आहे, तर युनिव्हर्सल क्रेडिटचा तुझा हक्क तुझ्या लग्नाने जात नाही. फक्त तो क्लेम सिंगल माणसाच्या दराने होतो, जोडप्याच्या नाही.

इथे आकडे सांगते म्हणजे कळेल. २०२५-२६ च्या दराने पंचवीस वर्षांवरच्या सिंगल माणसाचा स्टँडर्ड अलाऊन्स महिन्याला ४००.१४ पौंड, आणि जोडप्याचा ६२८.१०. मधला फरक २२७.९६. सगळं भांडण या फरकाचं आहे! नवऱ्याच्या असण्यामुळे तुमच्या बेनिफिटमध्ये वाढ झाली तर तो त्याच्या व्हिसाच्या अटीचा भंग धरला जातो, आणि त्याच्यामुळे एक पेनीही जास्त आली नाही, तर तुमच्या बेनिफिटवर घर चालतंय म्हणून त्याने पब्लिक फंड्स घेतले असं होत नाही. इमिग्रेशनचे नियम स्वतःच हे म्हणतात. मुलीसाठीचा चाइल्ड एलिमेंट (आमच्या पोरीच्या वयाला २९२.८१) आणि भाड्याची मदत मला माझ्या हक्काने मिळते. ऐकायला किती सोपं, पण हे ऐकेपर्यंत माझी झोप उडाली होती.

आता कडू भाग. पैसे मोजताना त्याला धरत नाहीत पण कमाई मोजताना धरतात. हो, बरोबर वाचलंत. नवऱ्याच्या नावाचा अलाऊन्स नाही, पण त्याचा पगार पूर्ण हिशेबात, माझ्या पगाराबरोबर बेरीज करून. मूल असल्यामुळे आधी वर्क अलाऊन्स सोडतात (तेवढी कमाई मोजत नाहीत), घरभाड्याची मदत घेत असाल तर २०२५-२६ मध्ये ४११ पौंड, मग वरच्या प्रत्येक पौंडामागे ५५ पेन्स कापतात. मी ॲडव्हायझरला म्हटलं हा कुठला न्याय, खायला दोन तोंडं मोजत नाही पण कमवायला चार हात मोजता? ती हसली, म्हणाली नियम मी केलेले नाहीत, पण तुम्ही आधीच समजून घेतलंत तर पहिलं पेमेंट बघून धक्का बसणार नाही. ते खरं निघालं.

आणि सेव्हिंग्ज. इथे आपल्या मंडळींनी कान टवकारा. दोघांची मिळून १६,००० पौंडांच्या वर शिल्लक असेल तर युनिव्हर्सल क्रेडिट मिळतच नाही, ६,००० च्या वर असेल तर दर २५० मागे महिन्याला ४.३५ कापतात, म्हणजे समजा ८,००० असतील तर ३४.८० गेले. आणि शिल्लक म्हणजे फक्त इथल्या बँकेतली नाही, भारतातली एफडी, तिकडचं खातं, सगळं धरतात, नवऱ्याच्या नावावरचंही. त्यांनी स्वतःहून विचारलं की इंडियात जॉइंट नावावर काही आहे का, आणि निघालं ना, सासूबाई आणि नवऱ्याच्या नावावरची एफडी! दुसरा पुरावा नसेल तर जॉइंट पैशाचे सारखे वाटे धरतात, त्यामुळे अर्धी नवऱ्याची. सासूबाईंनी स्वतःच्या पेन्शनचे पैसे टाकले असतील तर तसं दाखवणारे बँकेचे कागद द्या असंही सांगितलं. फोनवर त्यांना हे समजावताना माझी जी काही त्रेधा उडाली तो वेगळा लेख होईल. पण लपवायचं नाही हे मात्र केंद्रात पहिल्यापासून बजावतात. ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नाही, उद्या ओव्हरपेमेंट निघालं तर परत भरावं लागतं आणि नवऱ्याच्या फाइलला डाग लागायची भीती वेगळी.

फॉर्म भरणं हा खरा गमतीचा प्रकार, आणि या केंद्राला स्टार द्यायचे तर मी मुख्यतः यासाठी देईन. युनिव्हर्सल क्रेडिटच्या ऑनलाइन अर्जात जोडीदाराबरोबर राहता का असं विचारतात. हो म्हटलं की तो म्हणतो की तुम्ही दोघांनी वेगवेगळी अकाऊंट उघडा आणि लिंकिंग कोडने जोडा, एकट्याने क्लेम करता येणार नाही. झालं! नवरा खुर्चीतून उठलाच. म्हणाला मी क्लेमच्या बटणावर बोट ठेवणार नाही, उद्या होम ऑफिस म्हणेल याने बेनिफिट मागितलं. आणि त्याची भीती वेडगळ नव्हतीच मुळी, स्क्रीनवर शब्दच तसे असतात. ॲडव्हायझरने शांतपणे समजावलं की जोडीदार आहे हे सांगणं हे क्लेमवालीचं कर्तव्य आहे, ते लपवलं तर ते फ्रॉड, आणि त्याने अकाऊंट उघडून माहिती दिली, आपल्या व्हिसावर काय अट आहे ते सांगितलं, तर पुढे त्याला वगळून माझा एकटीचा क्लेम केला जातो. म्हणजे दारातून दोघांनी आत जायचं, मग एकाला बाकावर बसवतात. सिस्टीमची रचनाच अशी आहे, त्याला कोण काय करणार.

पण तेवढ्यावर सोडून दिलं नाही. तिने तिथेच बसून जर्नलमध्ये (युनिव्हर्सल क्रेडिटच्या ऑनलाइन अकाऊंटमधली निरोपांची जागा) टाकायला एक छोटा मजकूर लिहून दिला, की माझा जोडीदार कलम ११५ खाली येतो, म्हणून युनिव्हर्सल क्रेडिट रेग्युलेशन्स २०१३ च्या नियम ३(३) प्रमाणे मी सिंगल व्यक्ती म्हणून क्लेम करत आहे, त्याची कमाई आणि शिल्लक मी जाहीर केली आहे, आणि मला जोडप्याचा दर नको. शेवटचं वाक्य मला फार आवडलं. नको म्हणून लेखी कळवलेलं जर्नलमध्ये तारखेसकट राहतं, उद्या कुणी विचारलं तर दाखवता येतं. तुम्हाला ॲडव्हायझर मिळाला नाही तरी हा नियम ३(३) लक्षात ठेवा, फोनवर बोलतानाही नंबर सांगता आला की समोरचा माणूस नीट ऐकतो. आणि दर महिन्याचं स्टेटमेंट आलं की पहिली ओळ बघायची, स्टँडर्ड अलाऊन्स सिंगलचाच लागलाय ना. जास्त आला तर खूश होऊन गप्प बसायचं नाही, त्याच दिवशी जर्नलमध्ये कळवायचं.

पैसे मात्र लगेच येत नाहीत, पहिलं पेमेंट साधारण पाच आठवड्यांनी. ॲडव्हान्स मिळतो पण ते कर्जच आहे, नंतरच्या पेमेंटमधून कापून घेतात, हप्ते २४ महिन्यांपर्यंत लावून घेता येतात. मधल्या काळासाठी फूडबँकेचं व्हाऊचर देऊ का असं विचारलं, आणि खरं सांगते, मी नको म्हणणार होते. आपल्याकडे ते लोक काय म्हणतील हे रक्तातच असतं ना. ॲडव्हायझर काही बोलली नाही, नुसता फॉर्म पुढे सरकवला. घेतला.

चाइल्ड बेनिफिटचंही तसंच, ते युनिव्हर्सल क्रेडिटपासून वेगळं आहे, एचएमआरसीकडे (टॅक्सचं खातं) अर्ज करायचा आणि तो ज्याच्यावर बंदी नाही त्याच्याच नावाने करायचा. पहिल्या मुलासाठी २०२५-२६ मध्ये आठवड्याला २६.०५ पौंड होते, आणि युनिव्हर्सल क्रेडिटमध्ये ते उत्पन्न म्हणून धरत नाहीत. बऱ्याच घरांत नवरा सगळे फॉर्म भरतो म्हणून हाही तोच भरून टाकतो, तर तसं करू नका बाबांनो, ते पब्लिक फंड्सच्या यादीत आहे.

काऊन्सिल टॅक्सबद्दल आमच्या डोक्यात पार गोंधळ होता तो इथे सुटला. एकट्या माणसाला मिळणारी २५ टक्के सूट ही पब्लिक फंड नाही, पण घरात दोन मोठी माणसं राहत असतील तर ती एरवीही मिळत नाही, तिथे नवऱ्याचा व्हिसा बघायचा प्रश्नच येत नाही. कमी उत्पन्नाची जी काऊन्सिल टॅक्स रिडक्शन असते ती मात्र पब्लिक फंड, ती माझ्या नावाने मागायची आणि प्रत्येक काऊन्सिलची स्कीम वेगळी, त्यामुळे नवऱ्याच्या असण्याने रक्कम वाढत नाहीये ना हे काऊन्सिलला लेखी विचारायचं.

उलट काही गोष्टी अशा आहेत ज्या नवरा स्वतः घेऊ शकतो आणि आम्ही उगाच घाबरून होतो. एनएचएस पब्लिक फंड नाही (वर्षाला १,०३५ पौंडांचा हेल्थ सरचार्ज भरूनच तो इथे आहे, म्हणजे जीपीकडे जाताना चोरासारखं जायचं काही कारण नाही), सरकारी शाळाही पब्लिक फंड नाही, आणि नॅशनल इन्शुरन्स भरून मिळणारी बेनिफिट्सही नाहीत. म्हणजे उद्या त्याची नोकरी गेली आणि त्याचे कॉन्ट्रिब्युशन पुरेसे असतील तर न्यू स्टाइल जॉबसीकर्स अलाऊन्स तो स्वतःच्या नावाने मागू शकतो. हे त्याला सांगितल्यावर पहिल्यांदा त्याच्या चेहऱ्यावर जरा रंग आला.

इमिग्रेशनसाठी दुसरा ॲडव्हायझर होता. हे महत्त्वाचं आहे, कारण युकेमध्ये इमिग्रेशनचा सल्ला कुणीही उठून द्यायला कायद्याने परवानगी नाही, सॉलिसिटर-बॅरिस्टरसारखा वकील तरी हवा नाहीतर इमिग्रेशन ॲडव्हाइस ऑथॉरिटीकडे नोंदणी हवी. ही तीच संस्था जिला जानेवारी २०२५ पर्यंत ओआयएससी म्हणायचे. बेनिफिटवाल्या बाई एका टप्प्यावर थांबल्या आणि म्हणाल्या की हा प्रश्न माझा नाही, शेजारच्या खोलीत जा. आपल्याकडच्या सर्वज्ञ काकांनी हे शिकण्यासारखं आहे. शेजारच्या खोलीत कळलं की व्हिसासाठीच्या उत्पन्नाच्या अटीत युनिव्हर्सल क्रेडिटची रक्कम धरत नाहीत, पगार धरतात, आणि एक्स्टेन्शनच्या वेळी नवऱ्याचा इथला कायदेशीर पगारही चालतो. नवी अट २९,००० पौंडांची आहे पण ११ एप्रिल २०२४ च्या आधी या रूटवर पहिला अर्ज केलेल्यांना त्याच जोडीदाराबरोबर एक्स्टेन्शन करताना जुनी १८,६०० चीच लागते, आम्ही त्यात बसतो.

ज्यांनी अर्ज मुदतीनंतर टाकलाय किंवा व्हिसा संपूनच गेलाय त्यांचं प्रकरण वेगळं. त्यांना ३सी लागू नाही, काम करायचा हक्कही राहत नाही. तरीही ब्रिटिश जोडीदाराचा स्वतःचा बेनिफिटचा हक्क तेवढ्याने संपत नाही, पण डीडब्ल्यूपी (बेनिफिट देणारं सरकारी खातं) आणि होम ऑफिस माहितीची देवाणघेवाण करतात, म्हणून अशा वेळी क्लेमच्या आधी इमिग्रेशनवाल्या खोलीत जायचं आणि मग बेनिफिटवाल्या. क्रम उलटा करायचा नाही.

एक गोष्ट नवऱ्याला खटकली होती, मला आवडली. त्यांनी आम्हा दोघांशी काही वेळ वेगवेगळं बोलून घेतलं. तो बाहेर आल्यावर म्हणाला मला विचारत होते घरी सगळं ठीक आहे का, माझ्यावर संशय घेतात का! नंतर कळलं हे सगळ्यांनाच विचारतात, कारण व्हिसा जोडीदाराच्या हातात असला की कितीतरी जणी (आणि जण) मार खाऊन गप्प बसतात. स्पाऊस व्हिसावर असणाऱ्यांचं नातं अत्याचारामुळे तुटलं तर मायग्रंट व्हिक्टिम्स ऑफ डोमेस्टिक अब्यूज कन्सेशन नावाची सोय आहे, तीन महिन्यांची परवानगी मिळते आणि त्या काळात पब्लिक फंड्स घेता येतात. नवऱ्याच्या किंवा बायकोच्या मेहरबानीवर राहायची गरज नाही. हे कागदावर लिहून टॉयलेटच्या दाराच्या आतल्या बाजूला लावलंय त्यांनी, म्हणजे एकटं असताना वाचता येईल. ज्याने कुणी ही जागा निवडली त्याला एक स्टार जास्त.

आता कापलेला एक स्टार कशाचा ते सांगते. फोन लागत नाही. सकाळी लाइन उघडली की दहा मिनिटांत दिवसाच्या अपॉइंटमेंट संपतात आणि मग तीच ती ट्यून ऐकत बसा. रिसेप्शनवर सगळ्यांच्या देखत काय काम आहे असं मोठ्याने विचारतात, तिथे ओळखीचं कुणी बसलेलं असलं तर संपलंच. दोन खोल्यांची दोन वेगळी फाइल असते त्यामुळे तीच कहाणी परत पहिल्यापासून. आणि इमिग्रेशनवाला ॲडव्हायझर सल्ला देतो पण केस चालवत नाही, रिफ्यूजल आलं तर सॉलिसिटर आपला आपण शोधायचा, हे आधीच सांगितलं असतं तर बरं झालं असतं. युनिव्हर्सल क्रेडिटचा निर्णय चुकीचा आला तर मात्र मँडेटरी रीकन्सिडरेशन (निर्णय पुन्हा तपासा असा अर्ज) तेच लिहून देतात, त्याला मुदत एक महिन्याची असते, आणि पुढे ट्रायब्युनलपर्यंतही मदत करतात म्हणे, आमच्यावर ती वेळ आली नाही.

आणखी एक, एक्स्टेन्शन मंजूर झालं म्हणजे आता जोडप्याचा दर मागता येईल असं समजू नका. नव्या ३० महिन्यांच्या व्हिसावरही नो पब्लिक फंड्स असतंच सहसा, आयएलआर (इथे कायम राहायची परवानगी) मिळेपर्यंत क्लेम सिंगलचाच राहतो. आयएलआर आलं की मात्र लगेच जर्नलमध्ये बदल कळवायचा.

जाताना काय न्यायचं: दोघांचे पासपोर्ट, ईव्हिसाचं लॉगिन आणि ज्या फोनवर कोड येतो तो फोन (नवरा घरी विसरला तर पानच उघडत नाही), व्हिसा अर्जाची तारीख दाखवणारा ईमेल, दोघांच्या पगाराच्या स्लिपा, भाड्याचा करार, दोन्ही देशांतल्या खात्यांची स्टेटमेंट. मुलांना न्यायला हरकत नाही, कोपऱ्यात खेळणी आहेत. फोनच्या नादी न लागता ईमेल करा, विषयात नो पब्लिक फंड्स पार्टनर असं लिहा, त्यांच्याकडे ते थेट बेनिफिटवाल्या बाईंकडे जातं.